साताऱ्याच्या पाण्यात मिस्ट्री गोगलगायींचे शंख झिजतायत, काय करावं?

पाणवठा (सातारा)

नमस्कार मंडळी. घरी अडीच फुटी टाकी आहे, साधारण ८० लिटर पाणी बसतं. गप्पी आहेत, थोडे कोरीडोरास आहेत, लाकडाच्या ओंडक्यावर जावा फर्न आणि अनुबियास बांधलेलं आहे. दिवाळीनंतर त्यात मिस्ट्री गोगलगायी आणल्या. दोन पिवळ्या, एक निळसर, एक तपकिरी.

माशांपेक्षा आता घरच्यांचा जीव त्यांच्यातच जास्त अडकलाय. काचेवर चढली की आतल्या बाजूने तिचं तोंड दिसतं. दोन ओठ बाजूला होतात, मधून तांबूस खरखरीत जीभ पुढे येते, काच खरवडते आणि परत आत जाते. आणि श्वास घ्यायला पृष्ठभागाजवळ आली की मानेच्या बाजूने नळी लांब करून पाण्याबाहेर काढते, मग अख्खं अंग पंपासारखं आतबाहेर होतं. माझी मुलगी ते बघत जेवते.

अडचण अशी की चौघींच्याही शंखाचं टोक पांढरं पडलंय, खडूसारखं. निळसर गोगलगायीला तर टोकाजवळ खड्डे पडलेत. तोंडाकडची नवी वाढ पातळ कागदासारखी आहे, कडा तुटतायत. मासे मात्र एकदम ठणठणीत.

पाणी नळाचं, आमच्या भागात कास तलावाचं येतं. प्लास्टिकच्या पिंपात एक दिवस ठेवून मग टाकीत घालतो. आधी बेट्टा (फायटर मासा) होता, तेव्हापासून देशी बदामाची वाळलेली पानं टाकायची सवय आहे, ती अजून चालूच आहे. पट्टीवर पीएच ६.५ च्या आसपास दिसतो. खायला वेगळं काही देत नाही, दुकानदार म्हणाला की शेवाळ आणि माशांची घाण खाऊन जगते. आता तोच म्हणतो की रोग असेल, आणि निळं औषध सुचवलंय. अजून टाकलेलं नाही. टाकू का?

कृष्णाकाठ (सांगली)

निळं औषध अजिबात टाकू नका. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. कॉपर सल्फेट, नुसतं कॉपर, तांबं असं काही लिहिलेलं असेल तर ती बाटली घरातही ठेवू नका. माशांच्या अंगावरचे परोपजीवी मारायला तांबं वापरतात, आणि माशाला जेवढं सोसतं तेवढ्यात गोगलगाय मरते. शिवाय ते खडीत आणि सिलिकॉनच्या सांध्यांत बसून राहतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा रोग वाटत नाही, शंख पाण्यात विरघळतोय. शंख म्हणजे बहुतेक सगळा कॅल्शियम कार्बोनेट, खडूचाच पदार्थ. त्यावर बाहेरून पातळ सालीसारखं आवरण असतं. पाणी आम्लधर्मी असलं, म्हणजे पीएच ७ च्या खाली, की जिथे ते आवरण खरचटलंय तिथून शंख विरघळायला लागतो. टोक हा शंखाचा सगळ्यात जुना भाग, पिल्लू असतानाचा. त्यामुळे झीज तिथूनच सुरू होते.

तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आल्यात. कासचं पाणी पठारावर पडलेल्या पावसाचं. त्यात चुना कमी, म्हणजे ते मऊ. मऊ पाण्यात आम्ल शोषून घ्यायची ताकद कमी, म्हणून पीएच पटकन घसरतो. वर लाकूड आणि बदामाची पानं, दोन्हीतून टॅनिन उतरतं, ते पीएच आणखी खाली ओढतं. बेट्टाला ते मानवतं, गोगलगायीला नाही.

तिसरी गोष्ट खाणं, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. दुकानात गोगलगाय ही टाकी साफ करायचं साधन म्हणून विकतात, त्याचा मला मनापासून राग येतो. ती माशांची घाण खात नाही. उलट स्वतःची विष्ठा भरपूर टाकते. काचेवरच्या शेवाळावर एवढ्या मोठ्या मिस्ट्रीचं पोट भरत नाही. उपाशी जनावर शंख कशातून बांधणार? कडेची कागदासारखी वाढ हे त्याचंच लक्षण.

जीएच (पाण्याचा एकूण जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि केएच (आम्ल शोषून घ्यायची ताकद) यांची थेंबांची चाचणी करून आकडे टाका, मग पुढे बोलू.

निळी_काच (मिरज)

+१. आमच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी आहे, माझ्या गोगलगायींच्या शंखाला काचेसारखी चकाकी आहे. मी वेगळं काहीच करत नाही.

पाणवठा (सातारा)

चाचणी केली. जीएच ३, केएच २. टीडीएसच्या पेनाने ९० दाखवलं, तो आकडा उपयोगाचा आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

टीडीएसवर विसंबू नका. पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून तो आकडा येतो, त्यात कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती हे पेन सांगत नाही. आमच्याकडे उसाच्या पट्ट्यात क्षारपड जमिनीतल्या विहिरींचा टीडीएस हजाराच्या पुढे जातो, पण त्यात सोडियमच जास्त असू शकतं. तसंच बिल्डिंगला सॉफ्टनर बसवलेला असेल तर तो कॅल्शियम काढून सोडियम देतो. टीडीएस तोच राहतो, गोगलगायीच्या कामाचं पाणी मात्र उरत नाही. निळी_काच, तुमच्याकडे सॉफ्टनर बसवायचं ठरलं तर त्याच्या आधीच्या पाइपला एक नळ काढून घ्या.

चाचणीचं किट नसलेल्यांसाठी सांगतो: तूरडाळ लवकर शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. आकडा मिळणार नाही, पण अंदाज पक्का.

पाणवठा, मिस्ट्रीसाठी जीएच ८ ते १२, केएच ५ च्या आसपास आणि पीएच ७.२ ते ७.८ धरा. गप्पींनाही जड पाणीच आवडतं. कोरीडोरासही एवढं सहज सोसतात, फक्त बदल हळूहळू करा.

माणदेशी (दहिवडी)

आमच्या माणात पाणी मिळणंच मुश्किल, पण मिळतं ते जड. साताऱ्याला भाऊ राहतो, त्याला मी इथून बोअरचं पाणी कॅनने नेऊन देतो. दोन भाग नळाचं आणि एक भाग बोअरचं. नळाचं जीएच ३ आणि बोअरचं २० धरलं तर मिश्रण ८-९ वर येतं. साधा हिशोब आहे. कॅल्शियमची पावडर विकत घेण्यापेक्षा हे बरं.

पाणवठा (सातारा)

कल्पना चांगली आहे, पण दर आठवड्याला कॅन आणणं जमणार नाही. घरातल्या घरात काय करता येईल? आईचं म्हणणं आहे की विड्याच्या पानाचा चुना चिमूटभर टाक.

कृष्णाकाठ (सांगली)

आईंना नमस्कार सांगा, पण चुना नको. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो पीएच एका झटक्यात वर नेतो, माशांचे कल्ले भाजतात. आणि पीएच वर गेला की पाण्यातलं निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियात बदलतं. तुमच्या २ केएचच्या पाण्यात चिमूटही जास्त होईल.

समुद्रफेस आणा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्यात लावायला पक्ष्यांच्या दुकानातही मिळतो. तो म्हणजे माकूळाच्या अंगातलं हाड, जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट. पिंजऱ्याचा असेल तर रंग किंवा वास घातलेला घेऊ नका. उकळून घ्या, नाहीतर दिवसचे दिवस तरंगत राहतो. मग तुकडा करून फिल्टरमध्ये पाण्याच्या धारेखाली ठेवा, आणि एक तुकडा दगडाखाली दाबून टाकीत ठेवा. गोगलगायी त्यावर बसून खरवडतात, ते बघण्यासारखं असतं.

याची खुबी अशी की पाणी आम्लधर्मी असेल तेवढाच तो विरघळतो. पीएच ७ च्या वर गेला की विरघळणं खूप मंदावतं. म्हणजे प्रमाणाबाहेर जायची भीती नाही. चुन्याचं नेमकं उलटं आहे.

अंड्याची टरफलंही चालतात. आतला पापुद्रा काढा, तव्यावर कोरडी भाजा, खलबत्त्यात कुटा आणि सुती पुरचुंडीत बांधून फिल्टरमध्ये ठेवा.

द्राक्षबाग (तासगाव)

आमच्या रानात काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे ढिगाने निघतात. ते टाकले तर? कॅल्शियमच असतंय की.

कृष्णाकाठ (सांगली)

चुनखडी चालते. खड्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पिळा, फसफसला तर कार्बोनेट आहे. आपला नेहमीचा काळा दगड सहसा फसफसत नाही. पण दादा, बागेतले खडे नकोत. वर्षानुवर्षं तिथे औषधं मारलेली असतात.

द्राक्षबाग (तासगाव)

बरोबर आहे तुमचं. यावरून एक विचारायचं होतं. माझ्या टाकीतल्या गोगलगायी मधूनच सगळ्या एकदम वर चढून पाण्याबाहेर येतात, शंखाच्या तोंडाचं झाकण घट्ट मिटून बसतात. एक-दोन दिवसांनी परत उतरतात. कधी कधी एखादी मरते. जीएच १६ आहे, शंख चांगले आहेत, पाणी घरच्या विहिरीचं. फवारणीच्या दिवसांत हे जास्त होतं असं वाटतंय.

कृष्णाकाठ (सांगली)

बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारता का?

द्राक्षबाग (तासगाव)

हो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. छाटणीनंतर आणि पावसाळ्यात.

कृष्णाकाठ (सांगली)

मग कारण बहुधा तुमच्या हातात आहे, अक्षरशः. मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट. मोरचुदाने गोगलगायी मरतात हे शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. पाण्यात काही टोचायला लागलं की मिस्ट्री वर चढते, कारण तिला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतात, ती हवेवर राहू शकते. झाकण मिटणं म्हणजे स्वतःला पाण्यापासून तोडणं. तिचं वागणं हीच तुमची चाचणी समजा.

टाकीची बादली, मग, नळी सगळं वेगळं ठेवा, फवारणीच्या शेडमध्ये न्यायचंच नाही. फवारणी केलेल्या दिवशी टाकीत हात घालू नका, घरातल्या दुसऱ्याला सांगा. विहिरीच्या काठावर पंप धुत असाल तर तेही थांबवा, तेच पाणी जनावरं पितात. आणि टाकीचं पाणी काही दिवस दुसरीकडून आणून फरक पडतो का बघा.

सगळ्यांसाठीच: तांब्याच्या घागरीत, हंड्यात किंवा बंबात साठवलेलं पाणी टाकीत घालू नका. प्यायला चांगलं असेल, गोगलगायीला नाही.

रानजाई (वाई)

माझा प्रश्न उलटा आहे. मला गोगलगायी नकोत! विकत आणलेल्या रोपांवरून बारीक तपकिरी गोगलगायी आल्या, आता काच भरून गेलीय. झेब्रा लोच आणा, सगळ्या खाऊन टाकतो असं एकाने सुचवलं.

निळी_काच (मिरज)

ताई, झेब्रा लोच नका आणू. तो आपल्याच सह्याद्रीतला मासा, बोटिया स्ट्रायाटा. पश्चिम घाट सोडून जगात कुठे नाही, आपल्या कृष्णेच्या खोऱ्यात आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो धोक्यात असलेला म्हणून नोंदलेला आहे, आणि बाजारात येतात त्यातले बरेच नदीतून पकडलेले असतात. टाकीतल्या गोगलगायींसाठी नदी रिकामी करायची का? शिवाय तो गटाने राहतो, मोठी टाकी लागते.

बारीक गोगलगायी वाढतात त्या तुम्ही टाकता त्या खाण्यावर. माशांचं खाणं निम्म्यावर आणा. रात्री दिवा बंद करताना काकडीची फोड तळाशी ठेवा आणि सकाळी गोगलगायींसकट उचला. हे नेटाने केलं तर संख्या उतरते.

नवीन रोपं आणलीत तर टाकीत घालण्याआधी दोन-तीन तास तुरटीच्या पाण्यात ठेवा आणि नीट धुवून घ्या. अंडी त्यातूनही वाचतात, म्हणून नंतर दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा.

आणि त्या कोणत्या आहेत ते आधी बघा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड डावीकडे असेल तर ब्लॅडर गोगलगाय, परदेशातून आलेली, पण टाकीत निरुपद्रवी. उभट, अणकुचीदार आणि वाळूत घुसणारी असेल तर ट्रम्पेट. ती राहू द्या, वाळू मोकळी ठेवते. ती अंडी घालत नाही, पिल्लंच देते, आणि त्याला नर लागत नाही. एकीच्या शंभर होतात त्या अशा.

गोठा (कराड)

मी पशुवैद्यक आहे. धाग्यात अजून कोणी म्हटलेलं नाही, पण घाटावरून किंवा ओढ्यातून गोगलगायी उचलून टाकीत टाकणारे बरेच आहेत, म्हणून लिहितो.

आपल्याकडच्या तळ्या-ओढ्यांत लिम्निया आणि इंडोप्लॅनोर्बिस या गोगलगायी सर्रास असतात. लिम्निया उजव्या तोंडाची, पातळ शंखाची. इंडोप्लॅनोर्बिस चपटी, जिलेबीसारखी वळलेली. जनावरांना यकृताचा जो फ्लूक (चपटा परोपजीवी कृमी) होतो, फॅसिओला जायगँटिका, त्याची वाढ लिम्नियाच्या अंगात होते. तिथून तो पाण्यातल्या गवतावर चिकटतो, आणि ते गवत खाल्लं की म्हशीच्या पोटात जातो. इंडोप्लॅनोर्बिसमधून शिस्टोसोमा हा रक्तात राहणारा फ्लूक येतो. त्याची एक जात जनावराच्या नाकात गाठी करते, श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज येतो. हे मी गोठ्यांमध्ये बघतो. अशा पाण्यात माणसाने हात घातला तर अंगावर खाजरे पुरळ येतात.

जनावरांपुरतंच हे नाही. १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांमध्ये शिस्टोसोमाची लागण नोंदवली गेली, आणि त्याच्याही मागे गोड्या पाण्यातली एक बारीक गोगलगायच होती.

घाबरवायचं नाही. टाकीतच जन्मलेल्या गोगलगायींपासून हा धोका नाही, कारण फ्लूकचं चक्र पूर्ण व्हायला जनावराचं शेण-मूत पाण्यात जावं लागतं. नदीतून ताजी उचललेली गोगलगाय मात्र मुलांच्या हातात देऊ नका. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवा, कापलेलं असेल तर हातमोजे घाला.

द्राक्षबाग (तासगाव)

डॉक्टर, नदीकाठी ती गोल, झाकणवाली, लहान मोठ्या आवळ्याएवढी मिळते ती कोणती?

गोठा (कराड)

आवळ्याएवढी, उभट, हिरवट-तपकिरी असेल तर बेलामिया. पिल्लं देते. मोठी, लिंबाएवढी किंवा जास्त असेल तर पायला, आपली देशी ॲपल गोगलगाय. तळं आटलं की ती चिखलात शिरून झाकण लावून पावसाची वाट बघते. तिला तिथेच राहू द्या.

कृष्णाकाठ (सांगली)

डॉक्टरांच्या प्रतिसादाला जोडून उलट्या बाजूचंही सांगतो: टाकीतल्या गोगलगायी बाहेर सोडू नका. नदीत नाही, कालव्यात नाही, शेततळ्यात तर नाहीच.

मिस्ट्री दक्षिण अमेरिकेतली. तिची सख्खी बहीण पोमासिया कॅनालिक्युलाटा. ती १९८० च्या सुमारास खायला म्हणून तैवानला नेली, खाणारे मिळाले नाहीत, आणि मग तिने फिलिपिन्सपासून व्हिएतनामपर्यंत भाताची रोपं फस्त केली. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक जीवांच्या आययूसीएनच्या यादीत ती आहे. दुकानात दोघी पिल्लं असताना जवळजवळ सारख्याच दिसतात. शिराळा, पाटण, जावळीकडची भातखाचरं डोळ्यासमोर आणा आणि ठरवा.

ओळख अशी: मिस्ट्रीच्या वेटोळ्यांचे खांदे सपाट असतात, कॅनालिक्युलाटाच्या दोन वेटोळ्यांमध्ये खोल चर असतो. मिस्ट्रीची अंडी फिकट पिवळसर-गुलाबी, मधाच्या पोळ्यासारखी एकमेकांना चिकटलेली. दुसरीची भडक गुलाबी. आणि सगळ्यात सोपं म्हणजे चांगली पोटभर असूनही रोपांचे देठ कापायला लागली तर संशय घ्या.

नको असतील तेव्हा अंडी काढा. ती पाण्याच्या वर, टाकीच्या झाकणाला किंवा काचेला चिकटवते. ताजा घोस मऊ असतो, दुसऱ्या दिवशी अलगद निघतो. चुरडून कचऱ्यात. ते करताना मलाही बरं वाटत नाही, पण एका घोसातून शंभरावर पिल्लं निघू शकतात आणि प्रत्येकीला खाणं आणि कॅल्शियम लागतं.

पाणवठा (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. निळी बाटली दुकानात परत दिली. बदामाची पानं काढली, ओंडका बाहेर काढून उकळून ठेवला. समुद्रफेस पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळाला, फिल्टरमध्ये आणि टाकीत दोन्हीकडे ठेवलाय. पीएच आता ७.२, जीएच ७, केएच ५.

खायला दोडका, दुधी आणि काकडी वाफवून देतोय, सोबत बुडणाऱ्या गोळ्या. पालक द्यावा का?

निळी_काच (मिरज)

पालक कधीतरी. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणजे जे द्यायचं तेच अडकतं. दोडका उत्तम. सोलून, नीट धुवून द्या, बाजारच्या भाजीवर फवारणी असते. उरलेलं सकाळी काढून टाका, नाहीतर पाणी नासतं.

पाणवठा (सातारा)

पिवळ्या दोघींच्या कडेला आता जाड वाढ दिसतेय, जुन्या आणि नव्या भागात रेघ स्पष्ट कळते. निळसर गोगलगायीचे खड्डे मात्र तसेच आहेत. ते भरतील का?

कृष्णाकाठ (सांगली)

नाही. वाढ फक्त तोंडाच्या कडेने होते, टोकाकडचं गेलेलं परत बांधलं जात नाही. आरपार भोक पडलं तर ती आतून थोडी लिंपते, एवढंच. पण झीज तिथेच थांबली असेल तर ती तिचं आयुष्य पूर्ण करेल, ते साधारण एक ते दोन वर्षांचं. पाणी जितकं गरम तितकं कमी. उन्हाळ्यात टाकी ३० च्या वर जाऊ देऊ नका, गरम पाण्यात प्राणवायूही कमी असतो. साताऱ्यात हे जमतं, आम्हा सांगलीकरांना मे महिन्यात पंखा लावून बसावं लागतं.

माशांना पांढरे ठिपके आले म्हणून टाकीत खडेमीठ टाकू नका. त्या माशाला वेगळ्या बादलीत घेऊन तिथेच उपचार करा.

रानजाई (वाई)

एक शंका. मरून पडलीय की झोपलीय हे कसं ओळखायचं?

निळी_काच (मिरज)

उचलून वास घ्या. मेलेली असेल तर असा वास येतो की परत विचारावं लागत नाही. झाकण सैल लोंबत असेल, स्पर्शाला आत ओढलं जात नसेल तर लगेच काढा, एवढ्या मोठ्या देहाचा अमोनिया लहान टाकीतल्या माशांना भारी पडतो. झाकण घट्ट मिटलेलं असेल तर जिवंत धरा आणि पाणी तपासा.

माणदेशी (दहिवडी)

पाणवठा, पिल्लं झाली तर मला चार-पाच द्याल का? पुढच्या महिन्यात साताऱ्याला येणं आहे. पिशवीत पाणी भरून एवढ्या लांब नेली तर चालेल का?

पाणवठा (सातारा)

नक्की. झाकणाला एक घोस लागलाय, तो तुमच्यासाठी ठेवतो. पाण्याची पातळी चार बोटं खाली केलीय, म्हणजे तो भिजणार नाही. नेण्याचं मात्र कृष्णाकाठ सांगतील.

कृष्णाकाठ (सांगली)

घोसातून पिल्लं बाहेर यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणजे वेळ जुळेल. पण लगेच नेऊ नका, वाटाण्याएवढी होऊ द्या. न्यायला पाणी नको. हिंदकळून एकमेकींवर आपटतात. स्वच्छ सुती फडकं टाकीच्याच पाण्यात ओलं करून पिळा, त्यात एकेक गुंडाळा, भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा आणि डबा उन्हात किंवा गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. घरी पोचल्यावर डब्यातून सरळ टाकीत सोडू नका. वाडग्यात ठेवून अर्धा-पाऊण तास थोडं थोडं तुमचं पाणी घालत राहा, कारण साताऱ्याच्या ७ जीएचवरून दहिवडीच्या २० वर जातायत.